सुतार लोहारकाम शिकतो तेव्हा

सुताराची पटाशी लोखंडाची आणि लोहाराच्या हातोड्याचा दांडा लाकडाचा. दोघांचे एकमेकांवाचून अडते. बारा बलुतेदारांत दोघेही होते. नांगर सुताराने करायचा, त्याचा फाळ लोहाराने. बैलगाडीच्या चाकात तर दोघांचे काम एकमेकांत गुंतलेले असते.

चाकाचा तुंबा, आरे आणि बाहेरचे गोल लाकूड सुतार करतो. (आरे म्हणजे चाकातल्या दांड्या. गोरेगावची आरे कॉलनी वेगळी!) त्यावर लोखंडी धाव चढवतो लोहार. ही धाव चाकापेक्षा किंचित लहान ठेवतात. मग ती बसते कशी? गोवऱ्यांच्या जाळात तापवली की ती वाढते. हिशेब करून पाहा. एक मीटर लोखंड एक अंश सेल्सिअस तापले की सुमारे ०.०१२ मिलिमीटर वाढते. धावेचा घेर ४ मीटर धरा आणि तापमान ५०० अंशांनी वाढले असे समजा. ४ × ५०० × ०.०१२ = २४ मिलिमीटर. म्हणजे जवळजवळ अडीच सेंटिमीटर! तापलेली धाव चाकावर ठोकून बसवायची आणि लगेच पाणी ओतायचे. ती आकसते आणि चाकाचे सगळे सांधे करकचून आवळते.

आता गाडीला रबरी टायर आले. फाळ दुकानात मिळतो. पुष्कळ गावांतली लोहाराची भट्टी विझली. मग सुताराने आपले हत्यार घडवून घ्यायचे कुणाकडून?

माझे मामा गोरेगावला सुतारकाम करतात. तिथे १९७७ साली शासनाने चित्रनगरी सुरू केली. तिथे सिनेमाचे सेट उभे करायला सुतार लागतात, मामा त्यातलेच. त्यांच्याकडे त्यांच्या आजोबांची एक पटाशी आहे, गावच्या लोहाराने घडवलेली. ते म्हणतात, "बाजारातली पटाशी सागवानात दोन दिवसांत बोथट होते, ही आठवडा काढते." ती झिजून आता बोटभर उरली आहे. तशी दुसरी करून देणारा कुणी मिळेना, म्हणून चाळिशीत मामांनी स्वतः लोहारकाम शिकायला घेतले. सुटीत मी तिकडे होतो तेव्हा पाहिलेले आणि विचारलेले इथे लिहितो.

सुरुवातीला फार हत्यारे लागत नाहीत. भट्टी, वारा घालायला भाता किंवा हाताने फिरवायचा पंखा, ऐरण, एक हातोडा, एक सांडस, कानस आणि पाण्याची बादली. बस्स. मामांची भट्टी म्हणजे मातीने लिंपलेला जुना पत्र्याचा डबा आहे. चाळीत धूर कोण सहन करणार? म्हणून एका ओळखीच्या वेल्डिंगवाल्याच्या शेडमागे ती मांडली आहे. जळण लाकडी कोळशाचे.

खरी अडचण ऐरणीची. नवी ऐरण महाग पडते. पुष्कळजण रेल्वेच्या रुळाचा तुकडा वापरतात, पण तो भंगाराच्या रीतसर लिलावातून आलेला हवा. रेल्वेचा माल बेकायदा जवळ ठेवणे हा १९६६ च्या कायद्याने गुन्हा आहे. मामांनी जाड पोलादाचा एक ठोकळा वजनावर घेतला. तो मिळाला दारूखान्यात. नावावर जाऊ नका, तिथे जुन्या लोखंडाचा मोठा बाजार आहे. २०१८ पासून हार्बरची लोकल गोरेगावपर्यंत येते, तिने रे रोडला उतरले की दारूखाना जवळच. हातोडा आणि कानस त्यांनी नागदेवी स्ट्रीटवरून आणली. त्याच भागात पुढे लोहार चाळ आहे. मला वाटले होते तिथे घणांचा आवाज येईल, पण तिथे विजेच्या सामानाची दुकाने! नाव तेवढे लोहाराचे राहिले.

ठोकळा जमिनीवर ठेवून चालत नाही. तो बाभळीच्या ओंडक्यात खाच पाडून बसवला. उंची अशी, की सरळ उभे राहून हात खाली सोडला तर मुठीची बोटे ऐरणीला टेकावीत. इथे सुतारकी कामाला आली. हातोड्याचा दांडाही मामांनीच तासला.

पण सुताराची एक सवय इथे आड येते. सुतार लाकडातून नको ते काढून टाकतो. रंधा मारला की ढलप्या पडल्या, त्या परत जोडता येत नाहीत. लोखंड कापायचे नसते, सरकवायचे असते. एका बाजूने चेपले की ते दुसरीकडे वाढते. मामा म्हणाले, "अरे, हे कणकेसारखं आहे, फक्त हात लावायचा नाही!" पहिले काही दिवस ते फक्त खिळे आणि आकडे करत होते. मग त्यांनी दुसरी सांडस स्वतःच घडवली. लोहार आपली हत्यारे आपणच करतो, ही गोष्ट मला फार आवडली. सुताराला ते जमत नाही.

किती तापले ते रंगावरून कळते. अंधुक लाल म्हणजे सुमारे ६५० अंश, तेव्हा ठोकून उपयोग नाही. नारिंगी-पिवळे झाले, म्हणजे हजाराच्या आसपास, की ते मऊ येते. पांढरे होऊन ठिणग्या उडाल्या तर लोखंड जळू लागले समजा. रंग नीट दिसावा म्हणून भट्टी नेहमी सावलीत असते.

पटाशीसाठी साधी सळई चालत नाही. तिच्यात कार्बन फार कमी, त्यामुळे धार टिकत नाही. ट्रकच्या जुन्या स्प्रिंगचा पाटा चांगला. घडवून झाल्यावर येते खरे नाजूक काम, पाणी देणे. पाते लाल करून चुंबक लावून बघतात. सुमारे ७७० अंशांना लोखंड चुंबकाला चिकटेनासे होते. त्याहून थोडे जास्त तापवून ते तेलात बुडवतात. पाण्यात हा पाटा तडकू शकतो. आता पाते कडक होते, पण काचेसारखे ठिसूळही. म्हणून घासून चकचकीत करतात आणि मागच्या बाजूने हळूहळू ऊब देतात. पात्यावर रंग धावत येतो : आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा, निळा. धारेवर गर्द पिवळा पोचला की लगेच गार करायचे. निळा झाला तर धार नरम पडली! मामांच्या पहिल्या दोन पटाश्या निळ्या झाल्या, तिसरी जमली.

हे घरी एकट्याने करू नका. तेल भडकते. अंगात सुती कपडे हवेत, नायलॉन नको. डोळ्यांना चष्मा हवा. जस्त चढवलेला पत्रा किंवा नळ भट्टीत कधी घालू नये, त्याच्या धुराने ताप भरतो.

१७ सप्टेंबर २०२३ ला केंद्र सरकारची विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्या १८ व्यवसायांत सुतार आणि लोहार दोन्ही आहेत. प्रशिक्षण आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत अशी तिची तरतूद होती.

भित्तिपत्रक वाचायला आलेल्या पालकांना एक विनंती. कुणाच्या माळ्यावर जुना भाता, सांडस किंवा लोहाराची ऐरण पडून असेल तर भंगारात घालण्यापूर्वी शाळेत कळवा. आम्ही ती बघायला येऊ. आणि पटाशीला पाणी देणारे कुणी आजोबा तुमच्या वाडीत असतील, तर त्यांचा पत्ता मामांना हवा आहे.