साखरेचे सामान्यज्ञान

ऊस आपण पिकवतो. त्याची थोडी कुळकथाही आम्ही देत आहोत.

इतिहास : इंग्रजीतला ‘शुगर’ शब्द मुळात आपल्या ‘शर्करा’चा.

विज्ञान : बीटातही हीच साखर असते, हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ मारग्राफ याने १७४७ साली दाखवले.

भूगोल : जगात सर्वांत जास्त ऊस ब्राझीलमध्ये पिकतो.

चित्रपट : साखरसम्राटावरचा ‘सामना’ १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात पोचला.

आता कामाचे. तोडलेला ऊस फडात पडून राहिला की त्यातली साखर फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज होते. तिचे दाणे धरत नाहीत, ती मळीत जाते. वजन घटते, उतारा पडतो, आणि भाव उताऱ्यावर ठरतो. म्हणून तोड झाल्यापासून चोवीस तासांत ऊस गव्हाणीत पडलाच पाहिजे. टोळीच्या मुकादमाला आणि गाडीवानाला एवढे आवर्जून सांगा.