आवाजाने भेदरणारे मूल आणि शाळेचे कर्तव्य

अळणावर हे धारवाड जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण रेल्वेचे जंक्शन म्हणून सर्वपरिचित आहे. लोंढ्याहून धारवाड-हुबळीकडे जाणारा लोहमार्ग आणि दांडेलीकडचा फाटा येथे एकत्र येतात. इंजिनाचा भोंगा, मालगाडीचा खडखडाट आणि पावसाळ्यात पत्र्यावर कोसळणाऱ्या सरी यांची बहुतेकांच्या कानांना सवय झालेली असते. परंतु काही बालकांच्या बाबतीत ही सवय सहजासहजी होत नाही. शाळेची घंटा वाजताच असे मूल कानांवर हात ठेवते, बाकाखाली दडते, रडते अथवा वर्गाबाहेर धाव घेते. त्यास हट्टी, भित्रे वा बेशिस्त ठरविण्यात येते. पुढे सकाळी पोटदुखीची तक्रार सुरू होते, गैरहजेरी वाढते आणि बुद्धीने कमी नसलेले मूल अभ्यासात मागे पडते. हे नुकसान टाळता येण्याजोगे आहे.

हा हट्ट नव्हे

इतरांना साधारण वाटणारा आवाज काही व्यक्तींना असह्य, क्वचित वेदनादायकही वाटतो. येथे श्रवणशक्ती अधिक तीक्ष्ण असते असे नाही. कानाकडून आलेल्या ध्वनीला मेंदू देत असलेला प्रतिसाद अधिक तीव्र असतो. स्वमग्न मुलांमध्ये हे लक्षण वारंवार आढळते. परंतु ते आढळले म्हणजे मूल स्वमग्नच आहे, असा निष्कर्ष काढू नये. कानाचा विकार किंवा काही प्रकारचा बहिरेपणा असलेल्या मुलासही मोठा आवाज सहन होत नाही. म्हणून प्रथम कानांची व श्रवणाची तपासणी करून घ्यावी. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीची तरतूद असून श्रवणदोषाचा त्यात समावेश आहे. अधिक तपासणीसाठी म्हैसूर येथील अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्थेसारख्या तज्ज्ञ संस्थाही आहेत.

गोंगाटाचा अभ्यासावर परिणाम

गोंगाटाची हानी केवळ अशा मुलांपुरती मर्यादित नाही. न्यूयॉर्क शहरात उंचावरून जाणाऱ्या लोहमार्गालगतच्या एका शाळेची पाहणी आर्लिन ब्रॉन्झाफ्ट व डेनिस मॅकार्थी यांनी १९७५ साली प्रसिद्ध केली. रुळांच्या बाजूच्या वर्गांतील सहावीची मुले वाचनात, शांत बाजूच्या मुलांच्या तुलनेने, जवळजवळ एक वर्ष मागे असल्याचे तीत दिसून आले. नंतर रुळांखाली रबरी गाद्या बसविण्यात आल्या व वर्गांना ध्वनिशोषक छत करण्यात आले. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हा फरक उरला नव्हता. मुले तशीच होती. बदलली ती परिस्थिती.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शक सूत्रांत, अध्यापन चालू असताना वर्गातील पार्श्वभूमीचा आवाज ३५ डेसिबलपेक्षा अधिक नसावा, असे सुचविले आहे. आपले नेहमीचे बोलणे सुमारे ६० डेसिबलचे असते. घरी एक भाषा व शाळेत दुसरी, अशी स्थिती असलेल्या सीमाभागातील मुलांना तर शब्द स्पष्ट ऐकू येणे अधिकच गरजेचे आहे. सर्वसाधारण मुलास मागे ओढणारा गोंगाट आवाजाने भेदरणाऱ्या मुलावर किती भार टाकत असेल, याची कल्पना यावरून यावी.

शिक्षकांनी काय करावे

प्रथम आठ-दहा दिवस टिपण ठेवावे : कोणता आवाज, कोणत्या वेळी, मुलाने काय केले. घंटा, परिपाठाचा ध्वनिवर्धक, एकसुरात म्हटलेले पाढे, बाके ओढण्याचा कर्कश आवाज किंवा मध्यान्ह भोजनाच्या ताटल्यांचा खणखणाट यांपैकी नेमके कारण त्यातून कळते.

मुलाची जागा दार, रस्त्याकडील खिडकी व घंटा यांपासून दूर आणि शिक्षकांजवळ असावी. अचानक येणारा आवाज अधिक छळतो. म्हणून घंटेपूर्वी, कवायतीपूर्वी किंवा स्नेहसंमेलनाच्या तालमीपूर्वी त्यास हलक्या स्वरात पूर्वसूचना द्यावी. बाकांच्या पायांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे बांधावेत, ताटल्या रचण्याच्या जागी गोणपाट अंथरावे. या उपायांना फारसा खर्च येत नाही आणि त्यांचा लाभ सर्व वर्गाला होतो.

असह्य झाल्यास पाच-दहा मिनिटे बसण्यासाठी वाचनालयाचा कोपरा किंवा एखादी शांत खोली ठरवून द्यावी. ती शिक्षेची जागा होता कामा नये. फटाके अथवा बँडसारख्या प्रसंगी कान झाकण्याचे साधन वापरावे. परंतु दिवसभर कान बंद ठेवल्यास संवेदनशीलता वाढण्याचा संभव असतो, हे ध्यानात ठेवावे.

याउलट, 'सवय होईल' म्हणून मुलास बळेच ध्वनिवर्धकाजवळ उभे करणे घातक आहे. सवय लावावयाची ती मुलाच्या संमतीने व क्रमाक्रमाने. सुटीच्या दिवशी शिक्षकांच्या उपस्थितीत त्याने स्वतः घंटेवर हळूच टोला द्यावा, दुसऱ्या वेळी किंचित जोराने. आवाज आपल्या हाती आहे, ही जाणीव भीती कमी करते.

पालक, ग्रामस्थ व अधिकारी

पालकांनी मुलास न रागावता घरचा अनुभव शिक्षकांना सांगावा. ग्रामस्थांनी शाळेच्या वेळेत परिसरात ध्वनिवर्धक लावू नयेत. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये शाळांभोवतीचे १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र शांतता क्षेत्र घोषित करण्याची तरतूद असून तेथे दिवसाची मर्यादा ५० डेसिबल आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये स्वमग्नतेचा समावेश आहे आणि अशा विद्यार्थ्यास त्याच्या गरजेनुसार वाजवी सोयी देणे हे शिक्षणसंस्थांचे कर्तव्य मानले आहे. तेव्हा पूर्वसूचना, योग्य जागा व शांत कोपरा या मेहेरबानीच्या गोष्टी नव्हेत. प्रमाणपत्र हाती येईपर्यंत त्यासाठी थांबण्याचेही कारण नाही.

जबाबदारी झटकणाऱ्यास आपण 'कानांवर हात ठेवले' असे म्हणतो. वर्गातील ते मूल मात्र वेदनेने कानांवर हात ठेवीत असते. त्याचे हात खाली यावेत यासाठी शाळा, घर व गाव यांनी आपापल्या वाट्याचा आवाज कमी केला, तर पटावरील एक नाव गळण्यापासून वाचेल.