मीर सुलतानखान यांचा एक डाव

आपल्याकडे जुन्या पद्धतीचीं बुद्धिबळें खेळणारे लोक प्यादें आरंभीं एकच घर पुढें सारीत. दोन घरें टाकण्याची मुभा नसे. त्यामुळें डाव सावकाश रंगे, आणि उतावळा खेळाडू बहुधा फसे. पंजाबांतील सरगोधा जिल्ह्याचे मीर सुलतानखान याच पद्धतींत तयार झाले. सर उमर हयातखान या जमीनदारांच्या आश्रयानें ते पाश्चात्य नियम शिकले, १९२९ सालीं विलायतेस गेले व त्याच वर्षीं तेथील अजिंक्यपद त्यांनीं मिळविलें. पुढें १९३२ व १९३३ सालींही तें त्यांच्याकडेच आलें.

परंतु विद्यार्थ्यांनीं पट मांडून अभ्यासावा असा त्यांचा डाव १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज येथील सामन्यांतला होय. प्रतिस्पर्धी क्यूबाचे कापाब्लांका. १९२१ पासून १९२७ पर्यंतचे जगज्जेते. पांढरे मोहरे सुलतानखानांकडे होते. एकविसाव्या खेळीस कापाब्लांकांनीं हत्तीनें शह दिला, लागलीच दुसऱ्या हत्तीनेंही दिला, आणि दोन्ही हत्ती देऊन वजीर घेतला. आतां पांढरा राजा पटाच्या मध्यावर उघडा, आणि समोर काळा वजीर मोकळा! नवशिक्याचा येथें धीर सुटावा. हिशेब मात्र निराळा आहे. दोन हत्ती एकमेकांस जोर देत चालले, तर एकट्या वजीरास भारी पडतात. पण तसे चालविण्यास वेळ लागतो. सुलतानखानांनीं तो वेळ घेतला. शत्रूला एकही फट न देतां त्यांनीं डाव आवळीत नेला, आणि ६५ खेळ्यांनंतर कापाब्लांकांनीं हार पत्करली.

आरंभींच्या खेळ्यांत सुलतानखान पुष्कळदां मागें पडत; युरोपांतले खेळाडू त्या ग्रंथांवरून पढून येत. डावाच्या उत्तरार्धांत मात्र त्यांच्यापुढें टिकणें कठीण असे, आणि माझ्या मतें हें त्या संथ देशी खेळाचेंच देणें होतें. त्या सामन्यांत यूवे पहिले, कापाब्लांका दुसरे व सुलतानखान तिसरे आले.

१९३३ च्या अखेरीस ते आश्रयदात्याबरोबर स्वदेशीं परतले, आणि युरोपांतल्या सामन्यांत पुन्हां दिसले नाहींत. उणींपुरीं पांच वर्षें काय तीं मिळालीं! १९३५ सालीं महाराष्ट्राचे नामांकित खेळाडू खाडिलकर यांच्याशीं ते दहा डाव खेळले. एक बरोबरींत सुटला, बाकीचे नऊ त्यांनीं जिंकले. १९६६ सालीं सरगोध्यास त्यांचें निधन झालें. जागतिक बुद्धिबळ संघटनेनें त्यांना सन्माननीय ग्रँडमास्टर ही पदवी दिली, ती २०२४ सालीं.