४४२ किलोमीटर आणि आमचे २८

रात्री मेसचं जेवण झालं की हॉस्टेलच्या गच्चीवर काही ना काही वाद रंगतोच. परवाचा विषय होता, मुंबईहून अहमदाबादला विमान किती वेळात जातं? मेकॅनिकलवाला म्हणाला, अर्धा तास. दुसरा म्हणाला, "माझ्या दादाच्या तिकिटावर सव्वा तासाच्या वर लिहिलंय!" गंमत म्हणजे दोघंही बरोबर होते.

आधी अंतर काढू. मुंबई विमानतळाचा अक्षांश १९.०९, अहमदाबादचा २३.०७. फरक ३.९८ अंश. एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर, म्हणून ४४२. रेखांशातला फरक जेमतेम पाव अंशाचा आहे, तो पायथागोरसने धरला तरी उत्तर एका किलोमीटरनेही वाढत नाही. (करून बघा, वही कुठे जात नाही!) ही रेषा नकाशावर ओढली तर ती बरोबर डहाणू आणि तलासरीच्या मधून जाते. म्हणजे आमच्या घराजवळून.

ताशी ८०० च्या वेगाने ४४२ किलोमीटरला ३३ मिनिटं लागतात. मग उरलेला वेळ जातो कुठे? विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा वेळ तिकिटावर असतो. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, वर चढणं, खाली उतरणं, उतरायला परवानगी मिळेपर्यंत घिरट्या, हे सगळं त्यात आलं. म्हणून सूत्र असं लिहावं: एकूण वेळ = स्थिर वेळ + अंतर ÷ वेग. अंतर कमी असलं की स्थिर वेळच भारी पडतो. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, तेव्हा अहमदाबादला विमानाचं पेट्रोल बैलगाडीतून आलं होतं म्हणतात. विमान कितीही पळो, बैल आपल्या चालीनेच येणार!

हे सूत्र मला खरं कळलं ते मात्र गेल्या पावसाळ्यात. आजीला दम लागला म्हणून तलासरी तालुक्यातल्या आमच्या पाड्यावरून डहाणूला दवाखान्यात न्यायचं होतं. गाडीरस्ता २८ किलोमीटर. चाकं फिरली ती फक्त ५० मिनिटं, म्हणजे वेग ताशी ३४ च्या आसपास, वाईट नाही. पण पोचायला २ तास ४० मिनिटं लागली. झोळीतून डांबरी रस्त्यापर्यंत ४० मिनिटं, जीप मिळेपर्यंत ४५, हायवेच्या नाक्यावर दुसरी गाडी मिळेपर्यंत २५. स्थिर वेळ ११० मिनिटं! सरासरी काढली तर ताशी साडेदहा किलोमीटर. जीपवाल्याने दुप्पट वेगाने हाणली असती तरी २५ मिनिटंच वाचली असती. आजी मात्र दर पाच मिनिटांनी विचारत होती, "आलं का रे?"

मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनचं काम आमच्या दोन्ही तालुक्यांतून चालू आहे. ५०८ किलोमीटर, १२ स्टेशनं, वेग ताशी ३२०. आमचे २८ किलोमीटर ती सव्वापाच मिनिटांत कापेल. पण तिचं स्टेशन अलीकडे बोईसरला आणि पलीकडे वापीला. डहाणूत नाही, तलासरीत नाही. खांब मात्र आमच्या शेतांच्या बाजूने उभे राहतायत.

आजी आता बरी आहे. पुढच्या तपासणीला आम्ही आदल्या दिवशीच निघालो आणि डहाणूला मावशीकडे मुक्काम केला. स्थिर वेळ कमी करायचा तेवढाच उपाय हातात होता.