पाईप टाकण्याआधी पाण्याची वाट शोधा

प्रश्न : कृष्णाकाठची आमची दोन एकर काळी जमीन क्षारपड झाली आहे. ऊस पिवळा पडतो, उन्हाळ्यात पांढरे मीठ फुटते. सच्छिद्र पाईप टाकावेत का? (एक शेतकरी, वाळवा तालुका)

उत्तर : टाकावेत, पण आधी पाणी सोडणार कुठे ते ठरवा. जमिनीखालच्या पाईपचे तोंड सव्वा मीटर खाली निघते. तुमचा ओढा तेवढा खोल नसेल, तर सगळा खर्च मातीत जाईल. म्हणून शेजाऱ्यांना सोबत घ्या. दोन एकरांचा निचरा एकट्याने क्वचितच साधतो. शिरोळ भागात हे काम शेतकऱ्यांनी एकत्र येऊनच पुढे नेले आहे.

आता माती तपासा. क्षारता चार डेसिसायमन प्रति मीटरच्या वर पण सामू ८.५ च्या आत असेल, तर निचरा आणि गोडे पाणी पुरे. सामू त्याहून जास्त व विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांवर असेल, तर जमीन चोपण आहे. तिथे जिप्सम लागतेच. ते टाळून नुसते पाईप टाकू नका, कारण चोपण मातीतून पाणी खाली झिरपतच नाही.

पाईप साधारण ८० मिलिमीटरचे, नालीदार, वर गाळणीचे कापड गुंडाळलेले घ्या. ढाळ शंभर मीटरला १० ते २० सेंटिमीटर हवा आणि तो लेव्हल यंत्रानेच काढा. दोन ओळींतले अंतर मातीची पाणी वाहून नेण्याची क्षमता मोजून अभियंत्याकडून ठरवून घ्या.

पाटाने मोकाट पाणी देणे मात्र आजच थांबवा.