इमूचं अंडं मशीनमधलं निघालं
इमूचं अंडं आमच्या घरात फुकट आलं, तिथंच मला शंका यायला हवी होती. केज तालुक्यातल्या आमच्या एका पाहुण्यानं इमू पाळले होते. सगळा धंदा पिल्लं विकण्याचा. पिल्लं घ्यायला नवा शेतकरी मिळत गेला तोवर चालला. २०१२ च्या ऑगस्टात तमिळनाडूत पेरुंदुराईचा इमूचा मोठा कारभार बुडाला आणि इकडंही गिऱ्हाईक आटलं. त्यात पावसानं दगा दिलेला, जनावरांनाच चारा नव्हता. पाखरांना कोण विचारतो? इमू अंडी घालतो थंडीत. त्यातलं एक पाहुण्यानं पिशवीतून आणून दिलं.

गर्द हिरवं, खरबरीत, काट्यावर ५८० ग्रॅम. आई म्हणाली, "हे झाडाचं का पाखराचं?"

कोंबडीचं दहा मिनिटांत उकडतं, म्हणून मी हिशेबानं हे पाऊण तास चुलीवर ठेवलं. आबांनी वरवंट्याचे तीन घाव घातले तेव्हा कुठं फुटलं. कवचाच्या कपच्या सगळ्या ताटात. वरचा पांढरा थर रबरासारखा, आत बलक वाहतोय. तरी लेकरांनी भाकरी बुडवून खाल्ली. कौतुकच होतं ना! रात्री धाकट्याला उलट्या-जुलाब सुरू झाले, सकाळी सलाईन.

डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, "अंडं कधीचं होतं?" मी पाहुण्याला फोन लावला. तर ते आठवडाभर अंडी उबवायच्या मशीनमध्ये ठेवलेलं! सुमारे ३६ अंशांच्या उबेत पिल्लू वाढतं, तसे जंतूही वाढतात.

तेव्हा असं अंडं कुणी दिलं तर आधी घातल्याची तारीख विचारा. मशीनमधलं असेल तर सरळ परत करा. बॅटरी लावून आत बघू म्हणाल, तर त्या हिरव्या कवचातून उजेड पार जात नाही. अख्खं उकडायच्या फंदात पडू नका. बाहेरचं शिजून दगड होतं, मधलं कच्चंच राहतं. कोमट पाण्यानं धुऊन कोरडं करा, सुताराच्या गिरमिटानं बोथट टोकाला भोक पाडा आणि वेगळ्या भांड्यात ओतून वास घ्या. दहा कोंबडीच्या अंड्यांइतका ऐवज निघतो, तेव्हा तव्यावर थोडं थोडं, पातळ पसरून, पार कोरडं होईपर्यंत भाजा. लेकरांना आधी घासभरच द्या.

  

जानेवारीत पाहुण्यानं दुसरं अंडं पाठवलं, शिसपेन्सिलीनं तारीख घालून. कांदा, हिरवी मिरची टाकून आईनं त्याचे सात पोळे केले. बलक फिकाच असतो, चवीत कोंबडीच्या अंड्याहून फार फरक नाही. आबांनी दोन खाल्ले. धाकटा ताट पुढं सरकवून म्हणाला, "मला कोंबडीचं दे."