कांद्याचं मूळ कुठून वाढतं?



चाकणचा कांदा बाजार आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. तिथलाच एक कांदा मी वर्गात पाण्याच्या ग्लासवर ठेवला, बूड पाण्याला टेकेल असा. काही दिवसांत पांढरी मुळं फुटली. एका मुलाने विचारलं, "मूळ खालून वाढतं की वरून?" मी घाईत सांगून टाकलं, "वरून, कांद्याकडून." उत्तर चुकीचं होतं.

मग आम्ही मुळावर पेनाने सारख्या अंतरावर खुणा केल्या. दोन दिवसांनी टोकाजवळच्या खुणा लांब गेल्या, वरच्या तशाच राहिल्या. म्हणजे वाढ टोकाजवळ होते! तिथे विभाजी ऊती असते. तिच्यातल्या पेशी सतत विभागतात आणि नव्या पेशी लांब होतात.

एका पेशीच्या दोन होण्याआधी डीएनएची पूर्ण प्रत निघावी लागते. कांद्याच्या पेशीत गुणसूत्रे फक्त 16, पण डीएनए माणसाच्या सुमारे पाचपट! हे काम विकरे करतात. आमच्या मुलांचे पालक कंपनीत जातात, म्हणून उदाहरणंही तिथलीच घेतली:

1. हेलिकेज : बॅगेची चेन उघडावी तसे डीएनएचे दोन धागे वेगळे करते.
2. पॉलिमरेज : प्रत्येक जुन्या धाग्यासमोर नवा धागा तयार करते.
3. लायगेज : तुटक भाग जोडते, वेल्डरसारखं.
4. मिथाइलट्रान्सफरेज : जुन्या ड्रॉइंगवरच्या पेनाच्या खुणा नव्या प्रतीवर उतरवते.

चौथं काम पुस्तकात सहसा नसतं, पण महत्त्वाचं आहे. मूळ आणि पात यांच्यात डीएनए एकच. त्यातल्या काही सूचना बंद ठेवण्यात या मिथाइल खुणांचा वाटा असतो.

डीएनए बिघडला तर? लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या 'कृषक' प्रकल्पात कांद्यावर गॅमा किरण सोडतात. कोंबाच्या पेशींतला डीएनए तुटतो, दुरुस्तीची विकरे पुरी पडत नाहीत, विभाजन थांबतं. कोंब येत नाही आणि कांदा जास्त टिकतो. असा कांदा किरणोत्सारी होत नाही, हे मुलांना जरूर सांगा.

पालकहो, घरात कोंब आलेला कांदा दिसला तर टाकण्याआधी मुलांच्या हातात द्या. आणि शिक्षक मित्रांनो, उत्तर येत नसेल तर "चला, करून बघू" म्हणा. त्या दिवशी मी तेच म्हणायला हवं होतं.